वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट चालत नाही. राउटर बंद-चालू केला की दोन दिवस बरं असतं

तक्रार साधारण अशी असते. फोनवर वायफायच्या काड्या पूर्ण, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, आणि तरी काही म्हणता काही उघडत नाही. नावाखाली बारीक अक्षरांत 'इंटरनेट नाही'. मग कुणीतरी उठून राउटरचं बटण बंद करतं, दहा आकडे मोजतं, चालू करतं, आणि सगळं सुरळीत. दोन दिवसांनी परत तेच. कधी फक्त एका फोनवर, कधी लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीवर, आणि त्याच वेळी शेजारी बसलेल्याचं मात्र झकास चालू. आमच्या घरात हे बटण दाबायचं काम माझ्याकडे होतं, कारण मला 'त्यातलं कळतं' असा सगळ्यांचा समज.

वेग कमी मिळणं किंवा रेंज न पोचणं ही दुखणी वेगळी, ती इथे घेत नाही. हे लिखाण फक्त या 'जोडलंय पण चालत नाही, रीस्टार्टने बरं होतं, परत उलटतं' प्रकाराबद्दल आहे.

एकच गोष्ट मागतो. पुढच्या वेळी नेट गेलं की राउटरला लगेच हात लावू नका. रीस्टार्टने बिघाड जातो आणि बिघाडाबरोबर पुरावाही जातो. मी कित्येक महिने स्वतःच्या हाताने पुरावा पुसत होतो. काका वरून ओरडायचे, "बटण दाब की, एवढं काय बघत बसलायस?" आणि मी दाबायचो.

बिघाड चालू असताना काय टिपायचं

जे उपकरण अडलंय त्याच्यावरच बघायचं, चालू असलेल्यावर नाही. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं, इथे उच्चार लिहितोय). फोनमध्ये सेटिंग्जमधल्या वायफायच्या नावावर टिचकी मारली की तपशील दिसतो. मजकूर बराच येतो, पण आपल्याला पाच ओळी हव्यात: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे, डीएचसीपी सर्व्हर आणि डीएनएस सर्व्हर. फोनवर डीएचसीपीची ओळ बहुधा नसते, बाकीच्या असतात. सरळ फोटो काढा. नेट चालू असताना त्याच उपकरणावर तोच फोटो आणखी एकदा. दोन फोटो शेजारी ठेवले की निम्मं काम झालं.

या पाच ओळींचा अर्थ थोडक्यात. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे घरच्या जाळ्यातला त्या उपकरणाचा पत्ता, ० ते २५५ मधले चार आकडे. घरात तो बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो, काही ठिकाणी १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने. हे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवलेत, १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकवार कागद) ते लिहून ठेवलंय. म्हणून जगातल्या असंख्य घरांत एकाच वेळी १९२.१६८.१.५ हा पत्ता सुखाने नांदतो. बाहेर जाताना राउटर त्या जागी स्वतःचा बाहेरचा पत्ता लावतो.

सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की पहिले तीन आकडे ज्याचे जुळतात तो घरातला. त्याच्याशी थेट बोलायचं. ज्याचे जुळत नाहीत तो बाहेरचा, त्याचं पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, गेटवेकडे द्यायचं. गेटवे म्हणजे घराबाहेर जायचं दार, घरात ते राउटरच असतं. हा निर्णय राउटर घेत नाही, तुमचा फोन स्वतः घेतो. त्यामुळे फोनला गेटवे चुकीचा सांगितला गेला, तर तो इमानेइतबारे प्रत्येक पाकीट चुकीच्या दारात नेऊन टाकत राहतो. वायफाय त्यात निर्दोष असतं, काड्या पूर्णच दिसणार.

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देणारा. आणि हे सगळे पत्ते, मास्क, गेटवे, डीएनएस, वाटणारा तो डीएचसीपी सर्व्हर. घरात हे वाटप राउटरच करतो. या वाटपवाल्याकडे नीट लक्ष ठेवा, पुढे सगळा घोळ त्याचाच आहे.

जाता जाता: 'इंटरनेट नाही' या ओळीवर फार विसंबू नका. उपकरण ठरलेल्या एका पत्त्यावरून अगदी छोटा मजकूर मागून बघतं, अपेक्षित उत्तर आलं नाही की ही ओळ लावतं. का आलं नाही ते त्याला ठाऊक नसतं.

आता चार पिंग

पिंग म्हणजे 'आहेस का?' आणि 'आहे' एवढंच. माइक मस यांनी १९८३ मध्ये लिहिलेला हा छोटासा प्रोग्रॅम, नाव पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून. त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही मी पाहिलेलं नाही. त्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' आणि पुढे आकडा किंवा नाव, आतून बाहेर या क्रमाने करायचं: आधी १२७.०.०.१ म्हणजे स्वतःलाच, मग गेटवेच्या आकड्याला, मग ८.८.८.८ ला (गूगलचा सार्वजनिक डीएनएस, जवळपास कायम जागा असतो), आणि शेवटी एखाद्या साइटच्या नावाला.

पहिल्यालाच उत्तर नसेल तर त्या यंत्राचंच नेटवर्कचं सॉफ्टवेअर बिघडलंय. हे क्वचित. ८.८.८.८ उत्तर देतो पण नाव टाकलं की काही नाही, तर डीएनएस. बहुतेक वेळा कुणीतरी पूर्वी हाताने टाकून विसरलेला आकडा निघतो. तो काढून 'आपोआप' वर टाका, संपलं.

पत्ताच १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर उपकरणाने पत्ता मागितला आणि कुणीच दिला नाही. हा पत्ता त्याने स्वतःच मनाने घेतलेला असतो. हे वारंवार होत असेल तर राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकला की उघडतं ते) जाऊन वाटपाचा पट्टा बघा. १९२.१६८.१.१०० ते १४९ असा असेल तर एकूण पन्नासच पत्ते आहेत. पन्नास उपकरणं कुठली असणार, असं वाटतं, पण हल्लीचे फोन स्वतःचा खरा मॅक अ‍ॅड्रेस (यंत्राची कारखान्यातून आलेली ओळख) लपवून बनावट देतात. तो काही फोनांत मधूनमधून बदलताही येतो, आणि प्रत्येक नवा मॅक राउटरच्या लेखी नवा पाहुणा. त्यात भाडेकराराची मुदत, म्हणजे लीज, लांब ठेवली असेल तर गेलेल्या पाहुण्यांच्या खोल्याही अडलेल्याच. पट्टा वाढवा, मुदत कमी करा.

गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही. याचा सरळ अर्थ घरातलं ठीक, बाहेरची लाइन गेली. पुस्तकात असंच असतं आणि दहातल्या नऊ वेळा ते खरंही असतं. मी दहाव्या वेळेत सापडलो.

गेटवे उत्तर देत होता, पण तो गेटवे नव्हता

माझा टिपलेला फोटो असा होता. आयपी १९२.१६८.१.१०४, मास्क नेहमीचा, गेटवे १९२.१६८.१.१, डीएचसीपी सर्व्हर १९२.१६८.१.१, डीएनएसही तोच. चालू असतानाचा फोटो? हुबेहूब तोच, फक्त १०४ च्या जागी १११. गेटवेला पिंग दोन मिलिसेकंदांत परत. ८.८.८.८ कडून शांतता. मी इंटरनेट देणाऱ्यांना फोन केला. त्यांचा माणूस आला, त्याने स्वतःचा लॅपटॉप राउटरला वायरने लावला, त्याचं धाडधाड चालू. "साहेब, लाइन चांगली आहे." असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही.

खरी गोष्ट वरच्या मजल्यावर होती. काकांच्या खोलीत रेंज पोचत नव्हती म्हणून कपाटातला जुना राउटर काढून, खालून एक वायर नेऊन, मीच तिथे लावला होता. तेच नाव, तोच पासवर्ड. लावल्याबरोबर चालला, म्हणून पुढे काही बघितलं नाही. पण जुना राउटर झाला तरी राउटरच. त्याच्या पोटातला वाटपवाला जागा होता. एका घरात दोन वाटपवाले झाले, आणि दोघेही स्वतःला १९२.१६८.१.१ म्हणवत होते, कारण कारखान्यातून दोघेही तोच आकडा लावून आले होते.

डीएचसीपीची पद्धत बघितली की हे दुखणं असं लहरी का, ते कळतं. फोन जाळ्यात येतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, 'कुणी पत्ता देतं का?' ज्याच्याकडे असेल तो म्हणतो, 'हा घे.' फोन म्हणतो, 'तुझाच घेतो.' तो म्हणतो, 'नोंदवला.' चार निरोप. यात कुठेही 'तू या घरचा अधिकृत वाटपवाला आहेस का' हा प्रश्न नाही. आरएफसी २१३१ म्हणजे मार्च १९९७ चं हे काम, माणसांवर विश्वास ठेवून केलेलं. दोघांनी उत्तर दिलं तर उपकरण साधारणपणे आधी आलेलं उत्तर धरतं. म्हणजे सोडत.

आणि ही सोडत रोज निघत नाही, हा त्यातला खरा त्रास. लीजची निम्मी मुदत संपली की उपकरण ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच नूतनीकरण मागतं. तो गप्प राहिला तरच मुदतीचा सातअष्टमांश भाग उलटल्यावर सगळ्यांना हाक मारतं. त्यामुळे ज्याला चांगला वाटपवाला मिळाला त्याचं दिवसेंदिवस बरं चालतं. फोन घराबाहेर जाऊन परत आला की तो जुनाच पत्ता मागतो. तेवढ्यात दुसऱ्याने 'हा पत्ता माझ्या वहीत नाही' म्हणून नाकारला, की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून आमच्याकडे टीव्ही, जो कुठे जात नाही, महिनोन् महिने चालायचा आणि संध्याकाळी घरी येणाऱ्यांचे फोन अडायचे. राउटर रीस्टार्ट केला की सगळी उपकरणं नव्याने जोडली जातात आणि नवी सोडत निघते. बरं झाल्यासारखं वाटतं ते एवढ्यामुळेच.

दोन राउटरांचे आकडे वेगळे असते, एक १९२.१६८.१.१ आणि एक १९२.१६८.०.१, तर पहिल्याच फोटोत सापडला असता. अडलेल्या फोनवर गेटवे वेगळा दिसला असता. तुमच्या फोटोंत तसा दिसला तर तुम्ही सुटलात, खालचे दोन परिच्छेद सोडून थेट दुरुस्तीवर जा.

आकडे सारखेच असतील तर एक पायरी खाली उतरावं लागतं. आयपी हा लावलेला पत्ता, पण वायरवर किंवा हवेत पाकीट प्रत्यक्ष पोचतं ते मॅक अ‍ॅड्रेसवर, जो यंत्रावर कारखान्यात कोरलेला असतो. आकड्यावरून मॅक शोधायचं काम एआरपीचं, १९८२ पासून. 'एआरपी -ए' टाइप केलं की उपकरणाला ठाऊक असलेल्या जोड्या दिसतात: डावीकडे आयपी, उजवीकडे आकडे-अक्षरांच्या सहा जोड्यांचा मॅक. चालू असताना १९२.१६८.१.१ समोरच्या मॅकची शेवटची जोडी ७ए होती. अडलेलं असताना डी१. आकडा तोच, यंत्र दुसरं. वर जाऊन जुना राउटर उलटा केला. खालच्या स्टिकरवर, इतक्या बारीक अक्षरांत की फोनचा टॉर्च लावावा लागला, शेवटची जोडी डी०. स्टिकरवरचा मॅक आणि दिसणारा मॅक यांत शेवटी एखाद्या आकड्याचा फरक असू शकतो, कारण एकाच राउटरच्या लॅनला (घरातली बाजू), वॅनला (इंटरनेटची लाइन येते ती बाजू) आणि वायफायला वेगवेगळे मॅक असतात. पहिल्या तीन जोड्या कंपनीच्या. त्या जुळल्या की पुरे.

म्हणजे तो दोन मिलिसेकंदांचा पिंग मला काकांच्या खोलीतून येत होता. त्या राउटरच्या मागे इंटरनेट नव्हतंच. त्याच्या वॅन खाचेत काहीच लावलेलं नव्हतं.

दुरुस्ती

वरच्या राउटरची खालून येणारी वायर आधी काढा, मगच सेटिंगला हात घाला. हे का सांगतोय? दोघांचा आकडा एक असताना ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकला तर कोणाचं पान उघडेल याचा भरवसा नाही. मी घाईघाईत जे पान उघडलं त्यात डीएचसीपी बंद केला. ते पान खालच्या मुख्य राउटरचं निघालं. पुढच्या तासाभरात घरातली एकेक खोली अंधारात गेल्यासारखी झाली.

तर वायर काढून, लॅपटॉप वायरने फक्त जुन्या राउटरला जोडा. पासवर्ड आठवत नसेल तर मागच्या बारीक भोकात टाचणी दाबून धरा, सगळं कारखान्यासारखं कोरं होतं. नंतर लॅनच्या पानावर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा. हा पत्ता मुख्य राउटरच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेर हवा. पट्टा १०० पासून सुरू होत असेल तर २ चालेल, २ पासूनच होत असेल तर आधी तिकडे तो सरकवून घ्या. बदल झाला की राउटर पुन्हा सुरू होईल, तुम्ही १९२.१६८.१.२ वर पुन्हा शिरा, आणि मग डीएचसीपी बंद करा. क्रम हाच ठेवा. आधी डीएचसीपी बंद केला आणि लॅपटॉपचा पत्ता सुटला तर त्या राउटरशी बोलायला तुम्हाला लॅपटॉपला हाताने पत्ता द्यावा लागेल.

अलीकडच्या राउटरांत 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' नावाचा पर्याय असतो. तो असेल तर ही खटपट नको, तोच निवडा. मात्र त्यात राउटर बहुधा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरकडून घेतो, तेव्हा पुन्हा त्याचं पान उघडायचं असेल तर मुख्य राउटरच्या यादीत तो कुठल्या आकड्यावर आहे ते शोधावं लागतं.

वायर परत लावताना मुख्य राउटरच्या लॅनमधून जुन्याच्या लॅनमध्ये. वॅनमध्ये लावा, असा सल्ला बरेच जण देतात. तसंही नेट चालतं, पण मग वरचा मजला हे वेगळंच जाळं बनतं. खालचा प्रिंटर वरून आपोआप सापडत नाही, फोनवरून टीव्हीवर काही पाठवायचं तर टीव्ही दिसत नाही. त्यातून दोन्ही बाजूंना १९२.१६८.१ हाच पट्टा असेल तर बिचाऱ्या राउटरला आत कोण आणि बाहेर कोण हेच उमगत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

शेवटी उपकरणांना जुनं विसरायला लावा. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज', मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू'. फोनवर वायफाय बंद-चालू. एआरपीची यादी थोड्या वेळाने आपोआप ताजी होते. तपासायचं ते पुन्हा 'एआरपी -ए' मध्ये: वरच्या मजल्यावर बसूनही १.१ समोर खालच्या राउटरचाच मॅक दिसला पाहिजे.

दुसरा राउटर नाहीच, तरी तेच होतंय

मग दुसरा वाटपवाला वेश पालटून बसलाय का ते बघा. पत्ता १९२.१६८.१३७ ने सुरू होत असेल तर जाळ्यातल्या कुठल्या तरी विंडोज लॅपटॉपवर इंटरनेट शेअरिंग चालू राहिलंय. त्याचा हा ठरलेला पट्टा आहे. रेंज वाढवणाऱ्या काही डब्यांतही डीएचसीपी असतो. ऑफिससारख्या मोठ्या जाळ्यात, जिथे कोणी काय लावलंय याचा पत्ता नसतो, तिथे वायरशार्क (जाळ्यातली पाकिटं दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून 'डीएचसीपी' एवढंच गाळणीत टाका आणि लॅपटॉपचा पत्ता सोडून पुन्हा मागा. एका मागणीला दोन 'ऑफर', म्हणजे दोन वेगवेगळ्यांचं 'हा घे', आल्या तर चोर पकडला. तो कुठे बसलाय ते शोधायला स्विचमधली (अनेक वायरी एकत्र जोडणारा डबा) एकेक वायर काढत जावं लागतं, याला सोपा उपाय मला माहीत नाही. चांगल्या स्विचमध्ये 'डीएचसीपी स्नूपिंग' असतं. ते चालू केलं की ठरवलेल्या खाचेखेरीज इतर ठिकाणाहून आलेलं वाटप स्विचच अडवतो.

फक्त एकच उपकरण अडत असेल तर बहुधा पत्त्याची टक्कर. प्रिंटरला किंवा कॅमेऱ्याला कुणी हाताने १९२.१६८.१.१०५ दिला, आणि राउटरने त्याच पट्ट्यातला तोच आकडा कुणा फोनलाही दिला. अशा उपकरणांना हाताने पत्ता देऊ नका. राउटरच्या पानावर त्यांचा मॅक घालून आकडा राखून ठेवा.

आमच्याकडे सगळं झाल्यावर पंधरा दिवस कुणी हाक मारली नाही. मग टीव्ही बंद पडला, तोच, जो कधी अडायचा नाही. काका म्हणाले, "झालं का परत?" मी म्हटलं, "काका, दोन मिनिटं थांबा, बटण नका दाबू." टीव्हीच्या सेटिंगमध्ये पत्ता हाताने भरलेला निघाला: १९२.१६८.१.२. कधीतरी वैतागून मीच भरला असणार. वरच्या राउटरला मी नेमका तोच दिला होता. टीव्ही 'आपोआप' वर टाकला.